ऑगस्टात कैरीचा वास : एका महागड्या परफ्युमचा छडा

निवासन्याहारी
नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचं वेंगुर्ल्यात तीन खोल्यांचं निवास न्याहारी आहे. गेल्या ऑगस्टात, गणपतीच्या आधी धंदा थंडच असतो तेव्हा, एक बाई एकट्याच चार दिवस राहून गेल्या. त्या गेल्यावर मी चादरी बदलायला खोलीत शिरले आणि दारातच थबकले, कारण खोलीत कैरीचा वास. पिकल्या आंब्याचा नाही हां, कैरीचा, देठ मोडल्यावर चीक उडतो ना, तो बोटाला लागल्यावर येतो तसा. आता ऑगस्टात कैरी कुठली, आमची कलमं पावसात नुसती निथळत उभी. मी खाटेखाली बघितलं, कचऱ्याचा डबा उलटा केला, शेवटी नवऱ्याला हाक मारली तर तो म्हणाला उशीचा अभ्रा हुंग. अभ्राच होता.

बाईंचा नंबर रजिस्टरमध्ये होताच पण "तुम्ही कुठलं सेंट लावता" हे पाहुण्याला विचारायचं कसं, यात दोन दिवस गेले. विचारलं एकदाचं. नाव आलं 'अं जार्दां स्यूर ल नील', म्हणजे नाईलकाठची बाग. कंपनी हर्मिस. किंमत बघितली आणि फोन उलटा ठेवला.

तरी वास डोक्यातून जाईना. मग आधी पाच मिलीचं डिकँट मागवलं (मोठ्या बाटलीतलं थोडं छोट्या स्प्रेमध्ये काढून विकतात ते), ते महिनाभर पुरवून पुरवून लावलं, आणि जानेवारीत नणंद दुबईहून येणार होती तिला सांगून शंभर मिलीची बाटलीच आणवली. घरात खरी किंमत अजून कुणाला माहीत नाही, त्यामुळे इथेही लिहीत नाही, सासूबाई मोबाईल वापरतात.

तर मला तुमच्याशी बोलायचंय ते असं की हे पैसे नक्की कशाचे होते? वासाचे, बाटलीचे, की नावाचे? आणि कोकणातल्या दमट हवेत हे प्रकरण टिकवायचं कसं? वापरून काय वाटलं ते सविस्तर लिहिते, दुपारी पाहुण्यांची जेवणं उरकली की.

रातांबा
हर्मिस नाही हो, एर्मेस. फ्रेंचमध्ये ह चा उच्चार करत नाहीत.

गजालीवाली
रातांबा, पहिलाच प्रतिसाद आणि लगेच उच्चार? वेंगुर्ल्यात हर्मिसच म्हणू दे की तिला, बाटली तिची आहे :)
ताई लवकर लिहा, मी बसलेय.

निवासन्याहारी
आले.

आधी तपासलं कसं ते सांगते. दुकानात कागदाची पट्टी देतात ना हुंगायला, तशा पट्ट्या मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कापल्या, जाड बिनचकचकीत कागद मस्त चालतो. एक फवारा पट्टीवर, एक मनगटावर, एक सुती ओढणीच्या टोकाला. मनगटं घासायची नाहीत असं वाचलं होतं, पण हात सवयीने जातोच.

पहिली पंधरा-वीस मिनिटं म्हणजे निव्वळ कैरी. आणि तीसुद्धा हापूसची नाही असं माझं ठाम मत आहे, ही रायवळ कैरी आहे, पातळ सालीची, दात आंबवणारी, मिठाशिवाय खाल्ली तर डोळा मिटायला लावणारी. मला हसूच आलं, एवढी महाग बाटली आणि आत आमच्या परड्यातली रायवळ, जी आम्ही रस्त्यावर पडली तरी उचलत नाही. मग कैरी मागे सरते आणि हिरवट पाणथळ काहीतरी येतं, तळ्याकाठी उभं राहिल्यासारखं. कमळ म्हणतात कंपनीवाले. मला कमळ सापडलं नाही, पण पाणी सापडलं. शेवटी जे उरतं त्याला मला नाव देता येत नव्हतं, ओळखीचं होतं पण आठवत नव्हतं, असं तीन दिवस चाललं.

चौथ्या दिवशी सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, मी त्यांच्या शेजारून गेले. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कोणाकडे बाळंतीण इली हा काय गो? वेखंडाचो वास येता."

मी जागच्या जागी उभी. आत जाऊन मोबाईलवर घटक बघितले, कैरी, कमळ, धूप, सायकमोर नावाच्या झाडाचं लाकूड आणि कॅलॅमस. कॅलॅमस म्हणजे काय शोधलं तर वेखंड! बाळाच्या टाळूवर आणि गुटीत जातं तेच. फ्रान्सहून दुबई, दुबईहून वेंगुर्ला, आणि ओळखलं कुणी तर आमच्या सासूबाईंनी, तांदळातले खडे काढता काढता.

गजालीवाली
मेले मी हसून. सासूबाईंना पॅरिसला पाठवा.

भपका
छान धागा. मी लोट्याला एका केमिकल कंपनीत आहे, परफ्युमशी कामाचा थेट संबंध नाही पण नाकाचं वेड जुनं आहे, म्हणून थोडी भर घालतो.

हे परफ्युम 2005 चं. बनवणारा जाँ-क्लोद एलेना, जन्म ग्रासचा, म्हणजे फ्रान्समधलं अत्तरांचं गाव, आपल्याकडे कनौज तसं. 2004 पासून तो एर्मेसचा स्वतःचा परफ्युमर होता. बागांची मालिका आहे त्यांची, 2003 साली भूमध्य समुद्राकाठची बाग झाली, अंजिराच्या पानाची, ही दुसरी. यासाठी तो इजिप्तमध्ये आस्वानला गेला आणि नाईलकाठी झाडाला लटकलेल्या कैऱ्यांचा वास त्याला मिळाला. तिथेच विषय ठरला.

आता गंमत अशी की यात कैरीचा अर्क नाही. मोगऱ्याचं काढतात तसं कैरीतून वापरण्याजोगं तेल काढत नाहीत, कैरीचा भास जोडून तयार करायचा असतो. ग्रेपफ्रूट, गाजर असल्या नोट्स (म्हणजे वासाच्या छटा) त्यात सांगितल्या जातात. गाजर ऐकून हसू नका, कैरीच्या सालीजवळ जो मातकट हिरवा वास असतो तो आठवून बघा. खऱ्या कैरीत टर्पीन जातीची द्रव्यं भरपूर असतात, ऑसिमीन वगैरे, आणि हापूस पिकायला लागला की लॅक्टोन तयार होतात, त्यांचा तो गोड सायीसारखा वास. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासावर बरंच काम झालंय. तेव्हा ताईंनी म्हटलं ते बरोबर आहे, यात लॅक्टोनची साय नाही, म्हणून हापूस वाटत नाही.

वेखंडाबद्दल एक जाता जाता, त्यात बीटा-असारोन असतं, अमेरिकेने 1968 मध्ये वेखंड खाण्याच्या पदार्थांत वापरायला बंदी घातली. परफ्युममध्येही त्या द्रव्यावर मर्यादा आहे. हुंगायला भिऊ नका, पण बाळाला चाटवताना डॉक्टरांना विचारा.

खारवारा
कैरी हुंगायला कोकणातल्या माणसाने फ्रेंच माणसाला पैसे द्यायचे. वा. मार्च-एप्रिलमध्ये या आमच्याकडे देवगडला, वाऱ्याने पडलेल्या कैऱ्यांचा सडा असतो बागेत, फुकट हुंगा.

निवासन्याहारी
खारवारा, मार्च-एप्रिलमध्ये मलाही फुकटच आहे हो. ऑगस्टाचं काय? माझे पैसे ऑगस्टाचे गेलेत.

सुरंगीचा_वळेसर
खारवाराचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही पण. माझं माहेर आरवलीचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगी येते, कळी उमलायच्या आत पहाटे झाडावर चढून काढायची, फांदीला चिकटून लगडलेल्या असतात कळ्या, दुपारपर्यंत वळेसर (तिचा गजरा) विकला गेला नाही तर संपला विषय. उरलेल्या कळ्या सुकवतात, त्या व्यापारी उचलतात आणि पुढे सुगंधी मालात जातात. कुठे जातात, कुठल्या बाटलीत शिरतात, काढणाऱ्या बाईला कधी कळत नाही. झाडावरून पडून हात मोडलेली बाई मी बघितलीय. म्हणून बाटलीवर कैरी नि कमळ वाचलं की मला पहिला प्रश्न पडतो की यातलं झाडावरून किती आलं आणि पिंपातून किती.

भपका
झाडावरून थोडं, पिंपातून बरंच. आणि ते वाईटच असं नाही. चंदनाचं बघा ना, म्हैसूर संस्थानात 1916 साली सरकारी चंदनतेलाचा कारखाना निघाला, जगभर तेल गेलं, पुढे झाडंच इतकी कमी झाली की परफ्युमवाल्यांना कृत्रिम चंदनाकडे वळावं लागलं. सगळं झाडावरूनच हवं म्हटलं तर झाड राहत नाही.

मचवा
विषय निघालाच आहे तर, व्हेलची उलटी परफ्युममध्ये घालतात म्हणून कोटीत भाव असतो म्हणे. आमच्याकडे किनाऱ्यावर एकाला मेणासारखा गोळा सापडला होता, सगळे त्याला करोडपती म्हणून चिडवत होते.

भपका
मचवा, त्याला सांगा गोळा हातात न घेता वनखात्याला कळव. ते अंबर, स्पर्म व्हेलच्या पोटात तयार होतं. आपल्याकडे वन्यजीव कायदा 1972 खाली ते बाळगणं आणि विकणं दोन्ही गुन्हा आहे, कोकणपट्टीत धाडी पडतात त्या बातम्या वाचत असालच. आणि परफ्युमवाल्यांची गरज बऱ्याच अंशी अँब्रोक्सनने भागते, ते क्लेरी सेज नावाच्या वनस्पतीतल्या द्रव्यापासून बनवतात. तेव्हा कोटीबिटी विसरा, कोठडी लक्षात ठेवा.

मचवा
गोळा डांबराचा निघाला शेवटी.

पत्र्याची_पेटी
मला वासातलं काही कळत नाही, पण मी छपाई आणि खोक्यांच्या धंद्यात आहे, आंब्याच्या पेट्यांपासून काजूच्या बॉक्सपर्यंत. ताई बाटली आणि खोक्याबद्दल लिहा ना, पैसे त्यातच जातात.

निवासन्याहारी
लिहिते, त्यात माझी एक चूकही आहे.

बाटली सुरेख आहे, खोटं कशाला बोलू. जाड बुडाची, हातात घेतली की वजन लागतं, आणि काचेचा हिरवा रंग खाली गडद, वर जात जात नाहीसा होतो. उन्हात धरली की तळ्याचं पाणी दिसतं. आकार घोडागाडीच्या कंदिलावरून घेतलाय असं वाचलं, कंपनी मुळात घोड्यांचे साज बनवायची ना. स्प्रे इतका बारीक उडतो की अंगावर पडल्याचं कळतसुद्धा नाही, माझ्या नेहमीच्या डिओचा तर फवारा कसला, पिचकारी आहे.

आता खोकं. पुठ्ठा जाड, कडा सुरीने कापल्यासारख्या, झाकण उघडताना हवा हळूच आत जाते तो एक आवाज येतो, तो आवाज ऐकायला मी चार वेळा उघडझाप केली. फेकायचा जीव होईना म्हणून बाटली खोक्यात घालून गोदरेजच्या कपाटात ठेवली, साड्यांच्या मागे. डांबरगोळ्यांच्या शेजारी. पुढचं सांगायला नको. पुठ्ठ्याने डांबरगोळ्यांचा वास असा पिऊन घेतला की आता खोकं उघडलं की आधी जुनी पैठणी येते आणि मग नाईल. बाटलीच्या आतलं सुखरूप आहे, पण खोकं गेलं ते गेलंच. जुलैत त्यावर बुरशीचे पांढरे ठिपके पण आले. आणि बाटलीच्या गळ्याला धातूची कडी आहे तिच्यावर खाऱ्या वाऱ्याने बारीक डाग धरलेत. पॅरिसमध्ये बसून कुणी वेंगुर्ल्याच्या जुलैचा विचार केलेला नाही, एवढं नक्की.

पत्र्याची_पेटी
डांबरगोळ्या!! अहो पुठ्ठा म्हणजे स्पंज. आमच्या गोदामात कांदे ठेवले होते एकदा, पुढची सगळी खोकी कांद्याची.

तुम्हाला आवाज आवडला ना, तो मुद्दाम साधलेला असतो. झाकण आणि तळ यांच्यात अंतर इतकं कमी ठेवतात की हवेला बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून झाकण दमाने बसतं. एक मिलिमीटर इकडचं तिकडे झालं की एकतर अडकतं नाहीतर धपकन पडतं. आम्ही एका काजूवाल्यासाठी तसं करायला गेलो, पावसात पुठ्ठा फुगला, झाकणं उघडेनात. गिऱ्हाइकाने सुरीने कापून काजू खाल्ले.

गजालीवाली
मला तर बाटल्यांचा नाद आहे, आतलं संपलं तरी चालेल. वाचलेलं थोडं सांगते. शंभरेक वर्षांपूर्वीपर्यंत परफ्युम साध्या औषधाच्या बाटल्यांसारख्या बाटल्यांतून विकायचे, मग फ्रांस्वा कोटीने 1907-08 च्या सुमारास रने लालिक या काच-दागिनेवाल्या कलाकाराला हाताशी धरलं आणि तिथून बाटलीला भाव आला. गेर्लां कंपनीचं शालिमार, 1925 चं, नाव मोगलांच्या शालिमार बागेवरून, त्याची बाटली बघा कधी, पंख पसरलेल्या वटवाघळासारखी दिसते. आणि गंमत म्हणजे त्याच कंपनीचं 1919 चं मित्सुको आणि 1912 चं ल'अर ब्ल्यू, दोन्हींची बाटली एकच! वास वेगळा, बाटली तीच. म्हणजे बाटली म्हणजेच परफ्युम असं काही नाही.

पण मला सगळ्यात आवडलं ते बाटलीचं तोंड बंद करणं. गेर्लांकडे काही बाटल्यांच्या तोंडावर अजूनही हाताने पातळ पापुद्रा ताणून बसवतात आणि वरून दोरा गुंडाळून घट्ट बांधतात, पूर्वी तो पापुद्रा बैलाच्या आतड्याचा असायचा. त्यासाठी खास शिकवलेल्या बायका असतात. वाचल्या वाचल्या डोळ्यासमोर आमची आजी आली, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधताना. दोन्हीकडे काम तेच, आतलं बाहेर जाऊ नये नि बाहेरचं आत येऊ नये.

सुरंगीचा_वळेसर
दादरा!! किती वर्षांनी ऐकला हा शब्द.

तिरफळ
आमच्या आजोबांकडे चामड्याची कुप्पी होती, कनौजच्या अत्तराची. बाहेरून ओशट, दिसायला कळकट, पण चामड्यातून अत्तरातला पाण्याचा अंश हळूहळू निघून जातो आणि अत्तर आत मुरत राहतं. म्हणजे पॅकिंगच काम करतंय. तुमच्या फ्रेंच बाटलीला फक्त सुंदर दिसायचं असतं.

भपका
कुप्पीचं खरं आहे, पण ते चंदनाच्या तेलावर धरलेल्या अत्तराला चालतं. ताईंचं अल्कोहोलमधलं आहे, चामड्यात भरलं तर महिन्यात कुप्पी कोरडी. प्रत्येकाची भांडी वेगळी.

टिकवण्याबद्दल, ऊन आणि उष्णता हे दोन शत्रू. खिडकी नको, बाथरूम नको, फ्रिजवर तर मुळीच नको. तुमच्यासारख्या हिरव्या, आंबट वासांचा वरचा थर आधी जातो, म्हणजे कैरी आधी मरेल आणि वेखंड मागे राहील. मी हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, घराच्या आतल्या काळोख्या खोलीत ठेवतो. खोकं ठेवायचंच तर वेगळं ठेवा.

नाकपुडी
एक सावधगिरी सांगते, माझे पैसे गेलेत म्हणून. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून असंच एक महागाचं मागवलं, निम्म्या किमतीत, तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. पहिल्या दिवशी झकास, दुसऱ्या दिवशी उग्र, तिसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं. मग बारकाईने बघितलं तर बाटलीच्या बुडाशी बॅच कोड (माल कुठल्या खेपेचा ते सांगणारा नंबर) एक आणि खोक्यावर दुसराच. प्लास्टिकच्या वेष्टनाच्या घड्या कोपऱ्यात चुरगळून चिकटवलेल्या. आणि आयात केलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी असं लेबल लागतं कायद्याने, तेही नव्हतं. परत घ्यायला तयार नाही तो. बाटली आता झुरळांसाठी वापरते, मरत नाहीत पण तिकडे फिरकतही नाहीत.

निवासन्याहारी
नाकपुडी, माझी बाटली दुबईची म्हणून आपलं लेबल नाही, पण कोड आत्ता उठून जुळवला. जुळला. हुश्श.

घाटावरचा
किती तास टिकतं ते कुणी विचारलंच नाही. शेवटी तेच महत्त्वाचं.

निवासन्याहारी
मनगटावर तीन-साडेतीन तास, त्यापुढे नाक टेकवलं तरच. ओढणीवर दुसऱ्या दिवशीपर्यंत, पण फक्त वेखंड. ओ द त्वालेत आहे, म्हणजे हलकं, हे मान्य करून घेतलं होतं. आधी मनगटाला थेंबभर खोबरेल चोळून वर लावलं तर तासभर जास्त राहतं, पण मग कैरीला खोबरं लागतं आणि अंगाला चटणीचा वास येतो, म्हणून सोडून दिलं. मे महिन्यात घामात दहा मिनिटांत भक्कन येऊन संपून जातं. पावसात मात्र, हवा ओली आणि जड असते ना, तेव्हा ते अंगाभोवती रेंगाळतं. बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं चुलीवर असताना लावून बघितलं, तिथे फ्रान्सचा टिकाव लागला नाही.

तिरफळ
माझं नाव घेतलंत म्हणून सांगतो, तिरफळाचा चुलतभाऊ, तो सिचुआन मिरीवाला, त्याचा वास परफ्युममध्ये वापरतात. आमच्या तिरफळाला कुणी विचारत नाही.

घाटावरचा
तीन तासांसाठी एवढे पैसे? मग पैसे बाटलीचेच की.

निवासन्याहारी
मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण मग डिकँट आठवलं. साधी प्लास्टिकची नळी, वर पेनने नाव लिहिलेलं, आणि त्यातून महिनाभर मी तितकीच खूश होते, कदाचित जास्तच, कारण जपून वापरत होते. त्यामुळे पुढच्या वेळी बाटली नाही घेणार, डिकँटच. खरं तर मला शंभर मिली नकोच होते, पहिली वीस मिनिटं हवी होती.

त्याच मालिकेत मान्सूननंतरची बाग म्हणून एक आहे, 2008 चं, केरळवरून सुचलेलं, त्याचं डिकँट मागवलंय. बघू, त्याला पाऊस किती कळलाय ते.

रातांबा
ताई, उच्चारावरून बोललो, राग नसावा. मला एकदा हुंगायला मिळेल का? रत्नागिरीत असतो, इथे असलं काही दुकानात मिळत नाही.

निवासन्याहारी
राग कसला. होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी काचेची कुपी स्वच्छ धुऊन वाळवली, त्यात आठ-दहा फवारे मारले, बुचाभोवती मेण ओतलं आणि वर गजालीवालीच्या आजीसारखा दादरा पण बांधला, जुन्या मलमलचा. शेजारचे काका उद्या सकाळच्या गाडीने रत्नागिरीला जातायत, त्यांच्याकडे दिलीय, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा. त्यांनी पुडी हुंगून विचारलं आत काय आहे, मी म्हटलं कैरी. ते म्हणाले, ह्या दिवसांत?